पाण्यात बुडून मरणारे मासे

मरळ पाण्याखाली अडकून राहिली तर बुडून मरते. पाणी स्वच्छ असलं आणि कल्ले शाबूत असले तरीही. रात्री लावलेल्या जाळ्याच्या खालच्या भागात गुंतलेली मोठी मरळ सकाळी मेलेली सापडते, आणि त्याच जाळ्यात शेजारी अडकलेला रोहू कधी कधी अजून कल्ले हलवत असतो. मरळीला काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. तो चुकला की काही तासांत खेळ खलास.

असे मासे वाटतात तितके विरळ नाहीत. हवेतून ऑक्सिजन घेणाऱ्या माशांच्या चारशेहून अधिक जाती माहीत आहेत, आणि ही युक्ती माशांच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे, डझनावारी वेळा उपजली. प्रत्येक कुळाने त्यासाठी अंगातला वेगळा भाग कामाला लावला: कुणी घसा, कुणी कातडी, कुणी चक्क आतडं. आपल्या तळ्यांत, भातखाचरांत आणि खाडीत यातले बरेचसे नमुने मिळतात.

सुरुवात हिशोबापासून करू. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला विरघळतो. तेवढ्याच तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे पस्तीसपट. शिवाय पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट. ते कल्ल्यांवरून सतत ढकलत राहायला ताकद लागते, आणि स्थिर पाण्यात ऑक्सिजन पसरतो तोही हवेच्या मानाने हजारो पटींनी हळू. हे झालं चांगल्या पाण्याचं. तळ्यात गवत, पालापाचोळा, शेण कुजायला लागलं की जिवाणू ऑक्सिजन संपवतात. रात्री वनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे दाट शेवाळाच्या तळ्यात पहाटे ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्याही खाली जातो. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढते. हवा घेणारे मासे बहुतेक उष्ण प्रदेशातल्या साचलेल्या पाण्यात का सापडतात, याचं उत्तर या दोन ओळींत आलं. जमिनीवर जाण्याची हौस म्हणून हे झालं नाही. खराब पाण्यात टिकण्यासाठी झालं.

इथे एक गल्लत नेहमी होते. पहाटे तळ्यातले रोहू, कटला तोंड वर काढून 'हवा खाताना' दिसतात. ते हवा घेत नसतात. पाण्याचा अगदी वरचा, काही मिलिमीटरचा थर हवेला लागून असल्याने त्यात ऑक्सिजन जास्त असतो, आणि मासा तो थर ओढून कल्ल्यांवरून फिरवत असतो. शेततळेवाल्यासाठी ही धोक्याची खूण आहे: एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, खाद्य थांबवा, नवं पाणी सोडा. मरळ किंवा मांगूर वर येऊन घोट घेऊन खाली गेला तर मात्र काही बिघडलेलं नाही, तो त्याचा रोजचा श्वास आहे.

मग सगळेच मासे वर येऊन हवा का घेत नाहीत? कारण कल्ले हवेत चालत नाहीत. कल्ल्याची प्रत्येक पाकळी अतिशय पातळ पापुद्र्यांनी भरलेली असते आणि हे पापुद्रे पाण्याच्या आधाराने एकमेकांपासून सुटे राहतात. बाहेर काढले की ते भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात. पृष्ठभाग एकदम घटतो, वर ते सुकायलाही लागतात. सभोवती पस्तीसपट ऑक्सिजन असून मासा गुदमरतो तो यामुळे. तेव्हा हवेसाठी असा अवयव हवा, जो पाण्याच्या आधाराशिवाय आपला आकार टिकवील आणि ओलाही राहील.

मरळीने तो डोक्यात बसवला आहे. कल्ल्यांच्या वर, कवटीच्या दोन्ही बाजूंना तिला एकेक पोकळी असते आणि पोकळीचं अस्तर केशवाहिन्यांनी गच्च भरलेलं असतं. मांगुराच्या अशाच पोकळीत दुसऱ्या आणि चौथ्या कल्ला-कमानीवरून फांद्या फुटलेली लालभडक झुडपं उगवलेली असतात. आत कूर्चेचा कणा असल्याने ती कोसळत नाहीत. मांगूर साफ करताना डोकं उघडलं तर ही झुडपं सहज दिसतात; पुष्कळजण ती कल्ले समजून फेकून देतात. शिंगीने आणखी वेगळी सोय केली. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीतून दोन लांब नळ्या निघतात आणि पाठीच्या मांसातून शेपटीच्या दिशेने दूरपर्यंत जातात. गुरामी, फायटर आणि बंगालात आवडीने खाल्ला जाणारा कोई यांच्या डोक्यात घड्या पडलेल्या पातळ हाडांचा चक्रव्यूह असतो. चालट माशाने वायुकोशाला, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, फुप्फुसाचं काम दिलं. लोच गटातले काही मासे तर हवा गिळतात, आतड्यात तिच्यातला ऑक्सिजन शोषून घेतात आणि उरलेली मागून सोडून देतात. आपल्या ओढ्यांतली मुरी याच गटातली. ही पद्धत हास्यास्पद वाटेल, पण त्या आतड्याचा तो भाग इतका पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो की पचनाचं काम तिथे फारसं उरतच नाही.

मरळीचा एक श्वास बारकाईने पाहिला तर आणखी एक खुबी कळते. आपण श्वास सोडतो तेव्हा थोडी शिळी हवा फुप्फुसात राहतेच. मरळ पृष्ठभागाशी येते आणि आधी कल्ल्यांच्या झाकणाकडून पाणी उलट्या दिशेने आत घेते. ते पाणी डोक्यातल्या पोकळीत मागून शिरतं आणि जुनी हवा तोंडावाटे बाहेर ढकलतं. मग ती ताजा घोट घेते, आणि हवा पोकळीत चढते तसं पाणी निघून जातं. पोकळी एका दमात पुरती धुऊन निघते. सगळं सेकंदाच्या आत उरकतं, कारण वर येणं धोक्याचं आहे: बगळा, खंड्या, घार, सगळे वरच टपलेले. काही जातींचे मासे म्हणून एकाच वेळी, झुंडीने वर येतात. कोण पकडला जाईल हे मग नशिबावर.

आता खरी अडचण. ऑक्सिजन मिळाला, तो शरीरभर पोचवायचा कसा? माशाच्या शरीरात रक्ताचा फेरा साधा असतो: हृदय, कल्ले, शरीर, परत हृदय. डोक्यातल्या पोकळीतून ऑक्सिजन घेतलेलं रक्त सरळ शरीराकडे जात नाही. ते शिरांवाटे हृदयात येतं, वापरून झालेल्या रक्तात मिसळतं, आणि हृदय ते पुन्हा कल्ल्यांकडेच पाठवतं. बाहेरच्या पाण्यात ऑक्सिजन नसेल तर कल्ल्यांतून तो उलटा पाण्यात गळतो! हवेतून कमावलेलं पाण्यात सांडायचं, असा हा उफराटा व्यवहार.

यावर उपाय एकच: कल्ले लहान करा. मरळ, कोई यांचे कल्ले त्यांच्या आकाराच्या मानाने खुजे असतात ते यासाठी. मरळीत तर हृदयातून निघणारी महाधमनी दोन फाट्यांत विभागलेली असते, त्यामुळे ताजं आणि वापरलेलं रक्त थोडंफार वेगळं राहतं. पण कल्ले लहान केले की स्वच्छ पाण्यातही ते पुरेसे पडत नाहीत. मासा हवेला कायमचा बांधला जातो. बुडून मरणारी मरळ हा या सौद्याचा परिणाम आहे. शिंगी आणि मांगूर यांचं बंधन थोडं सैल आहे. थंड, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात ते बराच काळ कल्ल्यांवर भागवू शकतात.

कल्ले पुरते काढूनच का टाकले नाहीत, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा. श्वास म्हणजे फक्त ऑक्सिजन घेणं नव्हे. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकावा लागतो, आणि तो पाण्यात ऑक्सिजनपेक्षा सुमारे पंचवीस-तीस पटींनी सहज विरघळतो. त्यासाठी पाणी आणि कल्ले हीच उत्तम जागा. हवा घेणारे बहुतेक मासे ऑक्सिजन हवेतून घेतात, पण कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांतून किंवा कातडीतून पाण्यातच सोडतात. प्रथिनं पचवताना तयार होणारा अमोनियाही असाच कल्ल्यांतून जातो. तो विषारी असतो आणि धुऊन न्यायला भरपूर पाणी लागतं. पाण्याबाहेर काढलेला मांगूर तासन्‌तास जगतो तो ऑक्सिजनच्या जोरावर. शेवटी मरतो त्यात मोठा वाटा रक्तात साचलेल्या आम्लाचा, अमोनियाचा आणि सुकलेल्या कातडीचा असतो. शिंगीला इथे एक फायदा आहे. ती अमोनियाचं कमी विषारी युरियात रूपांतर करू शकते, म्हणून आटत्या डबक्याच्या चिखलातही ती चिवटपणे तग धरते.

खाडीच्या चिखलातली निवटी या सगळ्यांहून निराळी. तिला ना डोक्यात खास पोकळी, ना फुप्फुस. तिची मदार ओल्या कातडीवर आणि तोंड-घशाच्या अस्तरावर. कातडीत केशवाहिन्या अगदी वरच्या थरापर्यंत आलेल्या असतात, पण ऑक्सिजन ओल्या कातडीतूनच आत जातो, म्हणून निवटी मधूनमधून चिखलात कुशीवर लोळून पाठ भिजवते. डोळे डोक्याच्या वर, आणि त्यांच्याखाली पाणी साठवणारा खळगा. डोळा खाली ओढून ओला करायचा आणि पुन्हा वर काढायचा, ही तिची पापणी मिटण्याची तऱ्हा. छातीचे पर कुबड्यांप्रमाणे एकदम पुढे टाकून ती सरकते आणि संकट आलं की शेपटी झटकून उडी मारते.

कोकण-मुंबईच्या खाड्यांत बाजारासाठी पकडली जाते ती मुख्यतः बोलिओफ्थॅल्मस या वंशातली. ही शाकाहाराकडे झुकलेली. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर शेवाळाचा तपकिरी पातळ थर असतो, तो ती डोकं डावी-उजवीकडे हलवत खरवडून खाते. चिखलावर तशा अर्धवर्तुळाकार खुणा दिसल्या की जवळपास बीळ आहे समजावं. पेरिऑफ्थॅल्मस वंशातल्या तिच्या लहान बहिणी खेकडे, किडे पकडतात, आणि त्यांच्या जिभेचं काम पाणी करतं. तोंडात पाणी भरून त्या जमिनीवर येतात, भक्ष्यापाशी ते पाणी किंचित बाहेर सोडतात आणि भक्ष्यासकट आत ओढून घेतात. यात पाणी सांडतं, त्यामुळे खाऊन झालं की पुष्कळदा परत पाण्याकडे धाव.

निवटीच्या बिळात जे चालतं ते मला या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं. खाडीच्या चिखलात बोटभर खोलीखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो. काळा रंग आणि कुजक्या अंड्याचा वास त्याचीच खूण. अंडी तर शत्रूंपासून लपवायला बिळातच घालायला हवीत. जपानमधल्या पेरिऑफ्थॅल्मस मोडेस्टस या जातीवर नागासाकीच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. बिळाचं खालचं टोक वर वळवलेलं असतं आणि त्या वळलेल्या खोलीच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. नर ओहोटीला वर येतो, तोंडात हवा भरतो, बिळात जातो आणि खोलीत सोडतो. हवा वर चढून छताशी साचते, आणि अंडी पाण्याखालच्या बिळात असूनही हवेत वाढतात. हे दिवसेंदिवस चालतं. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की रात्रीच्या भरतीला तोच नर उलटं काम करतो: खोलीतली हवा घोटाघोटाने तोंडात घेऊन बाहेर नेऊन टाकतो. पाणी चढतं, अंडी बुडतात आणि त्या बुडण्यानेच पिल्लं फुटून बाहेर येतात. भरती त्यांना घेऊन जाते.

खरं फुप्फुस असलेले मासे भारतात नाहीत. फुप्फुसमाशांच्या आज सहाच जाती उरल्या आहेत: चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये. त्यातला ऑस्ट्रेलियाचा मासा एकाच फुप्फुसाचा आणि बहुतांशी कल्ल्यांवर जगणारा. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ साली आणलेला एक २०१७ पर्यंत जगला. आफ्रिकेच्या माशांची कथा वेगळी. डबकं आटू लागलं की तिथला प्रोटॉप्टेरस हा फुप्फुसमासा चिखल खात खात खाली बीळ करतो, अंगाची घडी घालून तोंड वर ठेवतो आणि अंगातून भरपूर बुळबुळीत स्राव सोडतो. तो सुकून कागदासारखं कवच बनतं, फक्त तोंडापाशी भोक. मग हृदयाची गती उतरते, शरीराची भूक मंदावते, अमोनियाऐवजी युरिया तयार होऊन अंगात साठत जातो. निसर्गात हे काही महिने, पुढच्या पावसापर्यंत. प्रयोगशाळेत चार वर्षांपर्यंत मासा असा जगल्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियाच्या जातीला ही झोप जमत नाही. तिची नदी आटली की ती संपली.

जाता जाता: माशांच्या वायुकोशापासून पुढे फुप्फुसं बनली असं डार्विनला वाटत होतं. आता चित्र उलटं आहे. हाडांच्या प्राचीन माशांना फुप्फुस आधी होतं, आणि वायुकोश त्यातून नंतर आला.

या माशांभोवती दंतकथाही फार. १७९१ साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत डॅल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटने कोई मासा तळ्याकाठच्या ताडाच्या खोडावर, पाण्यापासून पाचेक फूट वर पाहिल्याचं लिहिलं. तेव्हापासून त्याला इंग्रजांनी 'झाडावर चढणारा' ठरवलं. कोई कल्ल्याच्या झाकणाचे काटे जमिनीत रोवून, शेपटीने रेटा देत ओल्या जमिनीवर खरोखर चालतो. झाडावरचे मासे मात्र कावळ्या-घारींनी उचलून नेऊन टाकलेले असावेत, असं नंतरच्या अभ्यासकांचं मत. मरळीबद्दलही असंच. २००२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात 'नॉर्दर्न स्नेकहेड' ही मरळीची परदेशी जात सापडली तेव्हा 'चालणारा राक्षस' म्हणून बातम्या झाल्या आणि तळ्यात विष घालून मासे मारले गेले. मरळ ओल्यात जगते हे खरं, पण जमिनीवर ती फक्त तडफडत सरकते.

पहिल्या पावसात चढणीचे मासे भातखाचरांत शिरतात, त्यांत मरळ आणि मांगूर असतात. खाचराचं पाणी उथळ, गरम, कुजत्या गवताचं. दुसऱ्या माशांना तिथे दम लागतो. म्हणून तिथे शत्रू कमी आणि पिल्लांना खाणं भरपूर.

जिवंत मासे आणताना किंवा ठेवताना चुका होतात त्या बहुधा हे शरीरशास्त्र लक्षात न घेतल्याने. मरळ नेताना टाकी काठोकाठ भरायची नाही. पाठ जेमतेम बुडेल इतकं पाणी, वर मोकळी हवा आणि झाकणाला भोकं. खोल पाण्यात दाटीने भरलेल्या मरळींना प्रत्येक श्वासासाठी गर्दीतून वर पोहावं लागतं, त्या थकतात आणि एकमेकींना चावतात. पाणी अजिबात न घेता नुसत्या कोरड्या पोत्यात भरल्या तर कातडी सुकते. पोतं ओलं हवं. निघण्याआधी एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवलं की वाटेत अमोनिया कमी होतो. तळ्यावर पाणवेलींचं किंवा जलपर्णीचं सलग आच्छादन होऊ द्यायचं नाही, आणि पक्ष्यांसाठी लावलेली जाळी पाण्याला टेकता कामा नये. बांधावर जाळीचं कुंपण पावसाआधी उभं करावं, कारण पावसाच्या रात्री हे मासे निघून जातात.

शिंगी हाताळताना छातीच्या परांचे काटे सांभाळा, ते विषारी असतात. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. उष्णतेने विष निकामी होतं. भाजू नये म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावं. नंतर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

बाजारात 'थाई मांगूर' म्हणून येतो तो आफ्रिकेतला क्लॅरियस गॅरिपायनस. घाणीतही वाढतो, कत्तलखान्याचा कचरा खातो आणि निसटला की इथल्या माशांचा फडशा पाडतो. २००० पासून देशात त्याच्या पालनावर बंदी आहे, तरी तो चोरून वाढवला जातो.

पिल्लांच्या बाबतीत शेवटचा घोळ होतो. मरळ, गुरामी, फायटर यांच्या पिल्लांना हवा घेण्याचा अवयव जन्मतः नसतो. पहिले दोन-तीन आठवडे ती कल्ल्यांवर आणि कातडीवर जगतात. 'हे मासे कसल्याही पाण्यात जगतात' असं समजून पिल्लं घाण पाण्यात सोडली की ती झपाट्याने मरतात, आई-बाप मात्र ठणठणीत राहतात. घरी फायटरची वीण घेत असाल तर पहिला महिनाभर टाकीत हलकी, बुडबुड्यांची हवा सोडा. पाण्याच्या वर तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून काचेचं झाकण लावा, म्हणजे वरची हवा दमट आणि पाण्याइतकीच गरम राहील. पहिला घोट थंड, कोरड्या हवेचा पडला तर अवयव घडतानाच नुकसान होऊ शकतं.